जादूची देवी तीनदा का मेली?

जादूची देवी तीनदा मेली. पहिल्यांदा एका अतिशहाण्या जादूगारापायी, दुसऱ्यांदा स्वर्गाच्या जिन्यावर पहारेकऱ्याच्या हातून, आणि तिसऱ्यांदा सरळ खून. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं आमचं रविवारचं टेबल बसतं, आणि ही देवी त्यातल्याच एका जगातली. तिथे कुणी नवीन आलं की चहा उतरायच्या आत हा विषय निघतो, मंडळी सालांसकट भांडायला लागतात आणि नव्या माणसाला वाटतं, आपण चुकून कुणाच्या तरी भाऊबंदकीत येऊन बसलो. हा लेख त्याच्यासाठी. भांडण कशावरून चाललंय हे कळलं की त्यात भाग घ्यायलाही मजा येते.

आधी खेळ काय ते. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. यात पट लागत नाही, सोंगट्या असल्या तर नावापुरत्या. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि एक जण बाकीचं सगळं जग चालवतो. तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. "समोर दार आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय, काय करता?" एवढं मी विचारायचं. खेळाडूंनी काय करतो ते सांगायचं. जिथे जमेल की फसेल हे सांगता येत नाही, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नसतं, गोष्ट पुढे जाते इतकंच.

इथल्या मराठी घरांत हे समजावायला मला फार त्रास पडत नाही, कारण इथे कीर्तन अजून कानावरून गेलेलं असतं. तानसेन समारोहातसुद्धा समाधीपाशी सकाळी ढोलीबुवांची हरिकथा होते. बुवा आख्यान लावतात तेव्हा गोष्ट सगळ्यांना ठाऊकच असते. सीताहरणात पुढे काय होणार हे शेवटच्या सतरंजीवरच्या पोरालाही माहीत असतं, बुवांचं कसब रंगवण्यात. आमच्या खेळात बुवांच्या जागी डीएम. फरक असा की श्रोत्यांतला एक जण मध्येच म्हणू शकतो, "सीता रेषा ओलांडत नाही." फासा त्याच्या बाजूने पडला तर बुवांना उरलेलं आख्यान तिथल्या तिथे नव्याने बांधावं लागतं. रावण आता काय करील? सुग्रीव भेटेल का? लंका जळेल का? ही उत्तरं ऐनवेळी सुचायची तर रावणाचा स्वभाव, लंकेतली माणसं, कुणाचं कुणाशी वाकडं हे सगळं बुवांना आतून माहीत हवं. या आधीच्या माहितीला खेळातले लोक लोर म्हणतात. देश, राजे, देव, जुनी युद्धं, बुडालेली राज्यं, कुठल्या बंदरात कुणाची दादागिरी चालते, सगळं त्यात आलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अशी जगं बरीच आहेत. त्यांतलं सगळ्यात भरलेलं फॉरगॉटन रेल्म्स. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या मुलाने १९६० च्या दशकात स्वतःच्या करमणुकीसाठी त्याच्या गोष्टी लिहायला घेतल्या, म्हणजे खेळ निघण्याआधीच जग तयार होत होतं. १९७९ पासून 'ड्रॅगन' मासिकात त्याचे लेख यायला लागले आणि १९८७ मध्ये टीएसआर कंपनीने या जगाचा पहिला संच पेटीत घालून विकायला काढला. पुढे नकाशे, कादंबऱ्या, साहसांच्या पुस्तिका, व्हिडिओ गेम अशी भर पडत गेली. ग्रहाचं नाव टोरिल, मुख्य खंडाचं फेरून. वॉटरडीप, नेव्हरविंटर, बाल्डर्स गेट ही त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरची शहरं. त्या जगाचा स्वतःचा शक आहे, खाली येणारी सालं त्या शकातली. इतक्या लोकांनी इतकी वर्षं एकाच जगात लिहिल्यावर वाद होणारच.

आता देवीकडे येऊ. पहिला मृत्यू मला सगळ्यात आवडतो, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घेते.

फेरूनच्या उत्तरेला नेथेरिल नावाचं जादूगारांचं साम्राज्य होतं. हे लोक डोंगराचा माथा आडवा कापायचे, तो उलटा करायचे आणि वर आलेल्या सपाट बाजूवर शहर वसवून ते हवेत तरंगत ठेवायचे. प्रत्येक शहराच्या पोटात मिथालर नावाची एक प्रचंड चकाकती वस्तू असायची. शहर तीच तोलून धरायची आणि तिच्या आसपास असलेल्या जादूच्या चिजा तिच्याच जोरावर चालायच्या. खाली जमिनीच्या पोटात मात्र फेरिम नावाचे प्राणी होते. त्यांच्या मंत्रांनी जमिनीतला जीव शोषला जाई आणि नेथेरिलची सुपीक जमीन हळूहळू वाळवंट व्हायला लागली. वरच्या मंडळींचं धाबं दणाणलं. कार्सस नावाच्या जादूगाराने उपाय काढला: आपणच देव व्हायचं. त्याने बाराव्या पातळीचा मंत्र रचला आणि शकपूर्व ३३९ मध्ये तो मिस्ट्रिलवर, म्हणजे जादूच्या तेव्हाच्या देवीवर, चालवला.

मंत्र लागू पडला, आणि घात तिथेच झाला. त्या जगातली सगळी जादू एका अदृश्य विणीतून येते. ही वीण क्षणोक्षणी उसवते आणि देवी ती क्षणोक्षणी सांधत असते. कार्ससने देवीची शक्ती हिसकावली, पण शक्तीबरोबर हे कामही आपल्या गळ्यात पडणार हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. वीण फाटायला लागली. ती कायमची जाऊ नये म्हणून मिस्ट्रिलने स्वतःला संपवलं. त्यासरशी कार्ससशी जुळलेला धागा तुटला, जादू काही क्षण बंद पडली, आणि तरंगणारी शहरं दगडासारखी खाली आली. देवी पुन्हा जन्मली ती मिस्ट्रा म्हणून, आणि आल्या आल्या तिने असले अचाट मंत्र कुणालाच करता येणार नाहीत अशी तजवीज केली.

टेबलावर या गोष्टीचा उपयोग कसा होतो बघा. नवा जादूगार खेळाडू विचारतो, मंत्रांची नववी पातळी शेवटची का? "पुस्तकात तेवढंच आहे" हे खरं उत्तर, पण ते ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. "त्याहून मोठे होते, एकाने करून पाहिला" असं म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढतो. शिवाय ही गोष्ट वाळवंटात पडलेली शहरं मागे ठेवून जाते. त्या वाळवंटाचं नाव अनॉरोक, आणि वाळूखाली काय काय गाडलंय याची यादी कुणाकडेच नाही. डीएमला आणखी काय हवं?

दुसऱ्या मृत्यूत गोष्ट आणि धंदा एकमेकांत गुंततात. १९८९ साली नियमांची दुसरी आवृत्ती आली. नियम बदलले की डीएमची पंचाईत होते: काल ज्या मंत्राने इतकं व्हायचं, त्याने आज तितकं का होतं? "नवीन पुस्तक आलं" म्हणून मोकळं होता आलं असतं. रेल्म्सच्या लेखकांनी त्याऐवजी देवांनाच खाली उतरवलं. बेन आणि मिरकुल या दोन दुष्ट देवांनी नियतीच्या पाट्या चोरल्या, म्हणून देवांचाही देव जो एओ, त्याने चिडून सगळ्यांना मर्त्य शरीरात घालून टोरिलवर हाकललं. एकट्या हेल्मला वर ठेवलं, स्वर्गाच्या जिन्यावर पहाऱ्याला. मिस्ट्रा जिना चढायला गेली, हेल्मने अडवलं, ती ऐकेना, त्याने तिला मारलं. साल १३५८. जादूचा भरवसा गेला, बेन मेला, मिरकुल मेला, खुनाचा देव भाल मेला, आणि शेवटी मिडनाइट नावाची एक मर्त्य जादूगारीण मिस्ट्राच्या गादीवर बसली.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. नव्या आवृत्तीत मारेकरी हा पेशा खेळाडूंसाठी काढून टाकला होता. मग ज्यांच्याकडे आधीपासून मारेकरी पात्र होतं त्यांनी काय करायचं? गोष्टीत त्याचीही सोय केली: बेनने लढाईला बळ हवं म्हणून मारेकऱ्यांचे प्राण शोषून घेतले. पेशाच्या पेशा साफ. हे सांगितलं तेव्हा माझा मामेभाऊ, जो सरकारी नोकरीत आहे, म्हणाला, "ताई, यांनी तर पूरा डिपार्टमेंटच बंद करून टाकला!" अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि निदान अचूक.

तरी या ओढूनताणून केलेल्या जुळवणीतून एक अस्सल धागा निघाला, हे कबूल करायला हवं. भालला आपलं मरण आधीच दिसलं होतं. म्हणून त्याने मर्त्यांमध्ये आपली पोरं पेरून ठेवली, त्यांच्या रक्तातून परत यायचा बेत करून. १९९८ मध्ये आलेल्या 'बाल्डर्स गेट' या व्हिडिओ गेमचा सगळा डोलारा या पोरांवर उभा आहे. २०२३ च्या तिसऱ्या भागात बेन, भाल आणि मिरकुल या तिघांची सावली तर आहेच, वर कार्ससचा मुकुटही आहे. अठराशे वर्षांपूर्वी कोसळलेल्या साम्राज्यातली वस्तू हातात आली की ज्याला कार्सस कोण हे ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला ठाऊक नाही तो मुकुट म्हणून उचलतो आणि त्याचं काही बिघडत नाही. लोर असं असावं.

तिसरा मृत्यू थोडक्यात उरकते. २००८ ची चौथी आवृत्ती. पूर्वी जादूगार सकाळी मंत्र तयार करून ठेवायचा आणि वापरला की तो त्या दिवसापुरता संपायचा. आता योद्ध्यापासून जादूगारापर्यंत सगळ्यांचे डाव 'हवे तेव्हा', 'लढाईत एकदा', 'दिवसातून एकदा' अशा एकाच साच्यात बसवले. एवढा बदल पचवायचा तर जादूच मोडायला हवी. म्हणून १३८५ मध्ये सिरिक या देवाने मिस्ट्राचा खून केला, वीण फाटली, निळ्या ज्वाळांनी देशच्या देश उलथेपालथे केले, आणि गोष्टीने थेट १४७९ मध्ये उडी मारली. वाचकांनी जे काही जीव लावून जपलं होतं, गावं, खानावळीचे मालक, छोटे सरदार, ते सगळं एका पुस्तकाच्या फरकाने जवळजवळ शंभर वर्षं मागे पडलं. माणसं मेली, त्यांची मुलंही म्हातारी होऊन गेली. रसिक चिडले ते यामुळे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या सुमाराला देवी परत आणली, बरीचशी मोडतोड निस्तरली, पण त्या जखमेवरची खपली अजून कुणी ना कुणी काढतंच.

देवीचं मरणं मला खुपत नाही. पहिल्या मृत्यूनंतर खेळाडूंना करायला ढीगभर कामं उरतात, तिसऱ्यानंतर त्यांनी केलेली कामं पुसली जातात. लोर चांगलं की वाईट हे ठरवायला मी एवढीच कसोटी लावते: ही गोष्ट कळल्यावर समोरच्या माणसाला काही करावंसं वाटतं का, की नुसतं लक्षात ठेवावं लागतं?

मग खरं कोणतं मानायचं? नव्या माणसाचा हा पुढचा प्रश्न, आणि कॅनन हा शब्द इथे कानावर येतो. कॅनन म्हणजे अधिकृत मानलेला भाग. २०२१ मध्ये खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियम-रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी भूमिका स्पष्ट केली: २०१४ नंतरच्या खेळाच्या पुस्तकांत जे आलेलं नाही, ते खेळापुरतं अधिकृत नाही. जुन्या कादंबऱ्या, जुने व्हिडिओ गेम सगळे बाहेर. काहींना हा आपल्या कपाटाचा अपमान वाटला. मला त्यात सुटका दिसली. नव्या डीएमने तीस-पस्तीस वर्षांची पुस्तकं वाचल्याशिवाय तोंड उघडू नये ही अट त्यामुळे निदान कागदावर तरी गेली.

खरं तर जुन्या लेखकांनी पळवाट आधीच ठेवलेली होती. रेल्म्समधल्या शहरांची वर्णनं बऱ्याचदा व्होलो नावाच्या प्रवाशाच्या तोंडी येतात, आणि व्होलो हा थापाड्या. त्याच्या पुस्तकांत एल्मिन्स्टर हा म्हातारा जादूगार जागोजागी टिपा घालून त्याला झाडतो. म्हणजे पुस्तकात छापलेलं वाक्यसुद्धा जगातल्याच एका माणसाचं मत, त्याला दारू पाजून कुणी काहीही सांगितलं असेल! ही युक्ती मला नियमांच्या कुठल्याही खुलाशापेक्षा शहाणपणाची वाटते.

दुसरं टोक बघायचं तर एबेरॉन. २००२ मध्ये खेळाची नवी मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने नव्या जगासाठी स्पर्धा घेतली, अकरा हजारांवर प्रवेशिका आल्या, आणि निवडलं गेलं कीथ बेकर यांचं जग. ते २००४ मध्ये पुस्तकरूपाने आलं. इथे दोन गोष्टी ठरवून केल्या आहेत. एक, घड्याळ थांबवलेलं. एबेरॉनचं प्रत्येक पुस्तक त्यांच्या ९९८ सालापाशी सुरू होतं, आवृत्ती कुठलीही असो. दुसरी गोष्ट जास्त धीटपणाची. शंभर वर्षं चाललेल्या महायुद्धाच्या शेवटी, ९९४ मध्ये, सायर नावाचं अख्खं राज्य एका दिवसात नष्ट झालं आणि त्याच्या सीमेवर करड्या धुक्याची भिंत उभी राहिली. का? कुणी केलं? याचं उत्तर अधिकृतपणे कुठेही दिलेलं नाही, आणि देणारही नाही असंच ठरलेलं आहे. तह झाला तो मुख्यतः या भीतीने, की पुढची पाळी आपली असेल. उत्तर ज्या दिवशी छापलं जाईल त्या दिवशी ती भीती संपेल, म्हणून ते प्रत्येक टेबलाच्या डीएमवर सोडलेलं आहे.

माझी भाची एबेरॉनवाली, मामेभाऊ रेल्म्सवाला. भाची म्हणते, "तुमच्याकडे प्रत्येक दगडावर पाटी आहे." तो म्हणतो, "तुमच्याकडे पाटीच नाही, पत्ता कुणाला विचारायचा?" दोघांचंही बरोबर आहे. रेल्म्समध्ये माल तयार मिळतो आणि त्यातली पोकळी डीएमला शोधावी लागते, एबेरॉनमध्ये पोकळी तयार मिळते आणि माल आपला.

मी रेल्म्समध्ये पोकळी कशी शोधली ते सांगते. ग्वाल्हेरात गंगाजळीची गोष्ट प्रत्येक घरात आहे: शिंद्यांचा खजिना किल्ल्यातल्या तळघरांत, त्याची खूण फक्त महाराजांना ठाऊक असलेल्या बीजकात, आणि १८८६ मध्ये जयाजीराव गेले तेव्हा वारस माधवराव लहान, त्यामुळे बीजक सांगायचं राहून गेलं. पुढे काय सापडलं, कुणाला, किती, यावर दोन आज्ज्यांचं एकमत होत नाही. मी अनॉरोकच्या वाळूत नेथेरिलचं एक पडलेलं शहर ठेवलं. तिथल्या महाजादूगाराने कोठाराचा मंत्र कुणालाच सांगितला नव्हता, शिष्य लहान होता, आणि शहर पडलं. किल्ली म्हणजे चार ओळींचं कोडं. कुठल्याही पुस्तकात हे शहर नाही, आणि पुस्तकांतलं काही त्याने खोटंही पडत नाही.

खेळाडू कोठाराच्या दारापाशी पोचले. मी सांगितलं, दारावरच्या रेषा मंद उजळलेल्या आहेत. मामेभावाने लगेच हात वर केला. "एक मिनिट. मिथालर पडताना फुटला असणार. मग दाराला जोर कुठून मिळतोय?" आक्षेप वाजवी होता. मी विचारलं, हे तुला माहीत आहे की तुझ्या पात्राला? त्याचं पात्र जादूगार, शिकलेलं, तेव्हा फासा टाकायला लावला. सतरा पडले, वर त्याच्या विद्येचे गुण. "मग तुझ्या पात्रालाही हीच शंका येते," मी म्हटलं, "आणि अंगावर शहारा येतो, कारण याचा अर्थ कुणीतरी हे दार अलीकडे चालू केलंय." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. त्याच्या शंकेला तेवढं एकच उत्तर शोभत होतं. टेबलावर शांतता, मग सगळे एकदम बोलायला लागले. चोर म्हणतो परत फिरा, भाचीचा योद्धा म्हणतो आत कोण आहे ते बघूच.

लोर पाठ असलेल्या खेळाडूंबद्दल डीएम लोक कुरकुरतात, की ते मध्येच चुका काढतात. माझ्या टेबलावर चूक काढायला परवानगी आहे, अट एवढीच की ती पात्राच्या तोंडून काढायची. त्यामुळे वादाची कथा होते. पात्राला ठाऊक असायचं कारणच नसेल, तर खेळाडूने ते पोटात ठेवायचं आणि चहाच्या वेळी बोलायचं. काही जणांचा चहा त्यामुळे फार लांबतो.

नव्याने येणाऱ्यांनी सगळी पुस्तकं वाचू नयेत. आधी डीएमला साल विचारा, कारण रेल्म्समध्ये कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे सालावर ठरतं. मग एक गाव आणि एक देव निवडा, तेवढ्याचं वाचा. आमच्याकडे साल १३७२ आहे आणि नियम तिसऱ्या आवृत्तीचे. ज्यांनी फक्त २०२३ चा व्हिडिओ गेम खेळलाय, त्यांनी तो एकशेवीस वर्षं पुढचा आहे हे ध्यानात ठेवावं. तिसऱ्या आवृत्तीत मारेकऱ्यांचा पेशा परत आलाय, पण अटी घालून. त्यांतली एक अशी की केवळ या पेशात शिरण्यासाठी म्हणून एकाला ठार मारलेलं असलं पाहिजे. तो एक कोण, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारते. बहुतेक जण मग वैद्यकी करणारा पुजारी घेतात.